शहरातल्या लढाईचे पिक्चर कसे बघायचे (पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी)

‘ब्लॅक हॉक डाउन’ मी पहिल्यांदा लावला तेव्हा पाऊण तासात बंद केला. खोटं कशाला बोलू, काही म्हणजे काही कळत नव्हतं. सगळ्यांचे केस भादरलेले, सगळ्यांच्या अंगावर तेच कपडे, डोक्यावर तेच हेल्मेट, वरून धूळ, आरडाओरडा, आणि कोण मेला कोण वाचला याचा पत्ता नाही. नंतर कधीतरी वाचलं की प्रेक्षकांना माणसं ओळखता यावीत म्हणून दिग्दर्शक रिडली स्कॉटने मुद्दाम हेल्मेटवर आडनावं लिहून घेतली होती, खऱ्या रेंजर्सच्या (अमेरिकन सैन्याच्या खास तुकडीतल्या सैनिकांच्या) हेल्मेटवर तशी नव्हती. म्हणजे त्या माणसाने माझ्यासाठी पाट्या लावून ठेवल्या होत्या आणि मी त्या वाचल्याच नव्हत्या!

तर तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. मी सैनिक नाही, फिल्मवाला पण नाही, फक्त या प्रकारचे पिक्चर वेड लागल्यासारखे बघितलेत आणि चुकीच्या क्रमाने बघितलेत.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. मोकळ्या मैदानातल्या लढाईत समोर शत्रू असतो आणि मागे आपली माणसं असतात, निदान दिशा तरी असते. शहरात ‘समोर’ नावाची गोष्टच नसते. वर गच्ची, बाजूला खिडकी, खाली तळघर, मागे आत्ताच ओलांडलेली गल्ली, गोळी कुठूनही येऊ शकते, आणि त्याच खिडकीत गोळी झाडणाऱ्याऐवजी घाबरलेली म्हातारी पण असू शकते. चांगला पिक्चर हा गोंधळ नीट दाखवतो. वाईट पिक्चर गोंधळ लपवायला कॅमेरा हलवतो. हा फरक ओळखता आला की अर्धं काम झालं.

पहिलं काम: सुरुवात कुठल्या पिक्चरने करायची

लोक डायरेक्ट सगळ्यात भारी नाव असलेला लावतात आणि दमतात. माझं ऐका, ‘सेव्हन्टी वन’ने सुरुवात करा. २०१४ चा आहे, दिग्दर्शक यान डमांज. उत्तर आयर्लंडमधलं १९७१ सालचं बेलफास्ट, एका ब्रिटिश सैनिकाला त्याची तुकडी गडबडीत रस्त्यावरच सोडून जाते आणि त्याला रात्रभर जीव वाचवत परत पोचायचंय. एक माणूस, एक रात्र, एक शहर, बस. त्याला गल्ल्या माहीत नाहीत, तुम्हालाही नाहीत, त्यामुळे तो जेवढा हरवतो तेवढेच तुम्ही हरवता. यात सुरुवातीला एक सीन आहे, घरझडतीला सैनिक आणि पोलीस येतात तेव्हा वस्तीतल्या बायका कचऱ्याच्या डब्यांची झाकणं जमिनीवर आपटायला लागतात. शस्त्र नाही काही नाही, नुसती झाकणं. पण तो आवाज गल्लीतून गल्लीत पसरत जातो आणि तुम्हाला कळतं की अख्खा मोहल्ला जागा झाला, आता या पोरांची खैर नाही. शहरातली लढाई म्हणजे काय हे मला तरी त्या झाकणांनी शिकवलं.

दुसरा ‘ब्लॅक हॉक डाउन’ (२००१), हो तोच. तिसरा ‘वॉरफेअर’ (२०२५). या तिन्हीनंतर हवं तिकडे जा. ‘फुल मेटल जॅकेट’ (१९८७) बघणार असाल तर लक्षात ठेवा की त्याचा पहिला भाग ट्रेनिंग कॅम्पचा आहे, शहराची लढाई नंतर येते, १९६८ चं व्हिएतनाममधलं ह्वे शहर, आणि गंमत म्हणजे ते ‘ह्वे’ लंडनमधल्या बेक्टनच्या बंद पडलेल्या गॅस कारखान्यात शूट केलंय. पाडायला काढलेल्या इमारती, त्यात आणून लावलेली पामची झाडं. माहीत असूनही मला खोटं वाटत नाही.

दुसरं: दहा मिनिटं अभ्यास, जास्त नको

पिक्चर लावायच्या आधी फक्त तीन गोष्टी शोधा. शहर कुठलं, साल कुठलं, आणि दोन्ही बाजूंना त्या दिवशी नेमकं काय हवं होतं. अख्खा इतिहास वाचत बसू नका, नाहीतर पिक्चर राहील बाजूला.

उदाहरणाला ‘ब्लॅक हॉक डाउन’च घ्या. मोगादिशू, सोमालिया, ३ ऑक्टोबर १९९३. अमेरिकन सैनिकांना फराह ऐदीद नावाच्या नेत्याची दोन माणसं उचलायची होती, भरदुपारी, गजबजलेल्या बाजाराजवळून. साधारण तासाभराचं काम समजून निघाले. म्हणून पिक्चरमध्ये बघा, निघताना एकजण रात्री दिसायचा चष्मा ठेवून जातो, उगाच ओझं नको म्हणून. हे माहीत नसेल तर तो सीन असाच निघून जातो. माहीत असेल तर पोटात गोळा येतो, कारण ही माणसं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तिथेच अडकणार असतात. दोन हेलिकॉप्टर पडली, १८ अमेरिकन सैनिक गेले, आणि सोमाली माणसं शेकड्याने मेली. शेवटी त्यांना बाहेर काढायला पाकिस्तानी रणगाडे आणि मलेशियन चिलखती गाड्या आल्या, ज्यांना पिक्चरमध्ये फारच कमी जागा मिळालीय, आणि ती तक्रार रास्त आहे.

तिसरं: बसण्याची तयारी

मोबाईलवर बघू नका. झालं, एवढंच. बरं, स्क्रीन छोटी असली तरी एकवेळ चालेल, पण आवाज चांगला हवा, हेडफोन लावा. या पिक्चरांमध्ये अर्धी गोष्ट कानातून येते आणि लॅपटॉपच्या स्पीकरमधून सगळ्या गोळ्या फटाक्यासारख्या वाजतात. सबटायटल चालू ठेवा, इंग्रजी येत असलं तरी, कारण वायरलेसवर लोक अर्धवट बोलतात, एकमेकांवर बोलतात. आणि मूळ भाषेतच बघा, डब केलेलं नको. ‘मोसुल’ (२०१९) हा पिक्चर अमेरिकन पैशाचा आहे पण सगळी माणसं इराकी अरबीत बोलतात, तो इंग्रजी डबिंगमध्ये बघणं म्हणजे त्याचा जीवच काढून घेणं.

लहान पोरं आजूबाजूला असतील तर नंतर बघा. रक्तापेक्षा किंकाळ्या जास्त लक्षात राहतात.

पहिल्या वेळी काहीही समजून घ्यायचा प्रयत्न करू नका

विचित्र वाटेल, पण खरंच. पहिल्यांदा बघताना फक्त दोन माणसं निवडा, त्यांचे चेहरे आणि आवाज लक्षात ठेवा, बाकी सगळं वाहून जाऊ द्या. प्लॉट हरवला तर हरवू दे. तिथल्या माणसांचा पण हरवलेला असतो.

मोगादिशूच्या त्या ताफ्याचंच बघा ना, हा माझा आवडता भाग आहे, आवडता म्हणजे, तुम्ही समजून घ्या. गाड्यांचा ताफा पडलेल्या हेलिकॉप्टरकडे जायला निघतो. वरून विमानातून रस्ता दिसतोय, ते सांगतायत डावीकडे वळा. पण तो निरोप थेट ड्रायव्हरला जात नाही, आधी कमांडरकडे, तिथून ताफ्याकडे, आणि तो पोचेपर्यंत डावीकडची गल्ली मागे पडलेली असते. मग पुढच्या गल्लीत वळतात, ती चुकीची. परत तेच. वरून बघणाऱ्याला सगळं दिसतंय, खालच्याला काहीच नाही, आणि मधल्या त्या काही सेकंदांपायी प्रत्येक चौकात माणसं मरतायत. कोणी मूर्ख नाही, कोणी गद्दार नाही, फक्त निरोप उशिरा पोचतोय. असा सीन दिसला की समजा लिहिणाऱ्याने घरचा अभ्यास केलाय.

दुसऱ्यांदा बघताना: कागद आणि पेन्सिल

हसू नका, मी खरंच काढतो. एखादा मोठा सीन निवडा आणि घराचा किंवा गल्लीचा साधा नकाशा काढा. दार कुठे, जिना कुठे, जखमी माणूस कुठल्या खोलीत, गोळ्या कुठल्या बाजूने येतायत. चांगल्या पिक्चरचा नकाशा जुळतो. ‘वॉरफेअर’चा जवळजवळ पूर्ण जुळला मला, कारण पिक्चर मुख्यतः एकाच घरात आहे. इराकमधलं रमादी, नोव्हेंबर २००६, अमेरिकन नेव्ही सील्सची (नौदलाच्या खास सैनिकांची) तुकडी रात्री एका घरात शिरते आणि तिथून रस्त्यावर नजर ठेवते. ॲलेक्स गार्लंडबरोबर दिग्दर्शन करणारा रे मेंडोझा त्या दिवशी स्वतः त्या घरात होता, आणि गोष्ट त्याच्या आणि सोबत्यांच्या आठवणींवरून रचलीय. बॅकग्राउंड म्युझिक नाही. सुरुवातीला सगळे एक म्युझिक व्हिडिओ बघत नाचतात, ते झालं की मग घर, वायरलेस आणि श्वास.

आणि कंटाळा! पहिला बराच वेळ काहीच होत नाही. एकजण भिंतीतल्या भोकातून रस्ता बघतोय, दुसरा वहीत लिहितोय, कोण कुठल्या घरात शिरलं, कोण डोकावून गेलं. नवीन माणूस इथे फोन काढतो. काढू नका. ती वाट बघणं हाच पिक्चर आहे, आणि त्याच भोकातून हातबॉम्ब आत येतो तेव्हा तुम्ही त्या खोलीत असणं गरजेचं आहे.

भिंतींबद्दल अजून एक. शहरात शिकलेला सैनिक रस्त्याने जातच नाही, रस्ता म्हणजे मरण. तो घराच्या भिंतीला भगदाड पाडून शेजारच्या घरात जातो, तिथून पुढच्या. इटलीतल्या ऑर्टोनामध्ये १९४३ च्या डिसेंबरात कॅनडाच्या सैनिकांनी अशीच अख्खीच्या अख्खी ओळ आतून पार केली होती. त्यामुळे पिक्चरमध्ये हिरो मोकळ्या रस्त्याच्या मधोमध छाती काढून चालत असेल तर तो पिक्चर पोस्टरसाठी काढलाय हे ओळखा.

कान: इथे जरा वेळ द्या

रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते. एके फॉर्टी सेव्हनची गोळी नळीतून निघते तेव्हा सेकंदाला साधारण ७०० मीटर, आवाज जातो साधारण ३४०. म्हणजे लांबून तुमच्यावर गोळी झाडली तर आधी गोळी जवळून गेल्याचा ‘कड्क’ असा चाबकासारखा आवाज, आणि मग बंदुकीचा ‘धप्प’. दोन वेगळे आवाज. शहरात त्यात भिंतींचे प्रतिध्वनी मिसळतात, त्यामुळे गोळी कुठून आली हे सांगणं महाकठीण. चांगल्या पिक्चरमध्ये सैनिक म्हणूनच चारी दिशांना बघत ओरडत असतात, ‘कुठून? कुठून?’

खोलीच्या आत गोळी झाडली तर काय होतं हे पण बघा. ‘ब्लॅक हॉक डाउन’मध्ये एका सैनिकाच्या कानाशी साथीदार मशीनगन चालवतो आणि तो पुढचा अख्खा पिक्चर बहिरा होऊन फिरतो, लोक त्याला सांगतायत आणि तो ‘काय? काय?’ करतोय. थोडं हसू येतं आणि लगेच वाटतं, अरे, बाकीच्या पिक्चरमध्ये छोट्या खोलीत शंभर गोळ्या झाडून लोक कुजबुजत गप्पा कशा मारतात?

युद्धाचा नसला तरी ‘हीट’ (१९९५) मधला रस्त्यावरचा गोळीबार फक्त आवाजासाठी ऐका. शूटिंगच्या वेळी उंच इमारतींमध्ये जो आवाज घुमला तोच बराचसा ठेवलाय, स्टुडिओत बनवलेला नाही. एकदा ऐकलात की बाकीच्यांचा खोटेपणा कानाला बोचायला लागतो, त्याला माझा इलाज नाही.

खोटं पकडायच्या सोप्या खुणा

रायफलच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या डबीत, साधारण ३० गोळ्या असतात. एके मिनिटाला ६०० च्या वेगाने मारते, गणित करा, घोडा दाबून धरला तर ३ सेकंदात खेळ खलास. म्हणून खरे लोक एक एक, दोन दोन झाडतात आणि सारखं मॅगझिन बदलत असतात, आणि बदलताना ओरडून सांगतात म्हणजे दुसरा तेवढा वेळ सांभाळेल. हातबॉम्ब फुटला की करडा धूर, माती आणि तुकडे, नारिंगी आगीचा गोळा नाही, तो पेट्रोलचा असतो. गाडीच्या दारामागे लपणं म्हणजे पुठ्ठ्यामागे लपणं, रायफलची गोळी आरपार जाते, इंजिनच्या भागामागे लपला तर काहीतरी अर्थ आहे. गोळी लागल्यावर माणूस दहा फूट मागे उडत नाही. आरपीजी, म्हणजे रॉकेटसारखा बॉम्ब, खांद्यावरून सोडताना मागूनही जोरदार झोत निघतो, त्यामुळे छोट्या बंद खोलीतून सोडणारा आधी स्वतःलाच भाजून घेईल.

जखमी माणसाकडे बघा. कोणी हातापायाला, जखमेच्या वरच्या बाजूला, पट्टा आवळतोय का, ओरडेपर्यंत घट्ट? की नुसताच हात धरून शेवटचे शब्द ऐकतोय? मांडीची मोठी नस तुटली तर काही मिनिटांत माणूस जातो, भाषण करायला वेळ नसतो.

आणि अवॉर्डवर जाऊ नका. ‘द हर्ट लॉकर’ला ६ ऑस्कर मिळाले, कॅथरिन बिगेलो दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवणारी पहिली बाई ठरली, पिक्चर जबरदस्त आहेच, पण कितीतरी माजी सैनिक त्यावर वैतागले, कारण बॉम्ब निकामी करणारा माणूस रात्री एकटाच बगदादच्या गल्ल्यांत फिरायला निघतो हे त्यांच्या मते अशक्य. त्यातलं माझ्या मते सगळ्यात खरं काय, तर बाल्कनीत उभे राहून बघणारे लोक. एकजण व्हिडिओ कॅमेरा घेऊन शूटिंग करतोय. नुसता बघ्या आहे की बॉम्बचा मालक? सैनिकाला माहीत नाही, आपल्याला पण नाही.

आईचा प्रश्न

हे मला सुचलं नव्हतं. ‘वॉरफेअर’ दुसऱ्यांदा बघत होतो, कागद पेन्सिल घेऊन, मोठा तज्ज्ञ असल्यासारखा, आणि आई शेजारी येऊन बसली. पाचेक मिनिटं बघितलं आणि विचारते, “हे घर कोणाचं आहे रे?”

मी म्हटलं, अगं, ते सैनिक आहेत ना, ते तिथे थांबलेत.

“ते दिसतंय मला. घर कोणाचं?”

घर तिथे राहणाऱ्या इराकी माणसांचं आहे. सैनिक रात्री शिरतात आणि सगळ्यांना एका खोलीत बसवून ठेवतात. मी नकाशात दार, जिना, भोक, जखमी, सगळं काढलं होतं. ती खोली काढलीच नव्हती. पिक्चर संपतो तेव्हा सैनिक चिलखती गाड्यांमध्ये बसून निघून जातात आणि ती माणसं भोकं पडलेल्या, रक्ताने माखलेल्या घरात मागे राहतात.

तेव्हापासून प्रत्येक पिक्चरला मी हाच प्रश्न लावतो आणि तुम्ही पण लावा, दुसऱ्या फेरीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. ‘ब्लॅक हॉक डाउन’ इथे पडतो. तंत्रात एक नंबर, पण सोमाली माणूस बहुतेक वेळा धावत येणारी गर्दी आहे, चेहरा नाही. ‘मोसुल’ इथे वर चढतो. त्यातले लढणारे त्याच शहराचे आहेत, निनवे प्रांताचं पोलीस पथक, आणि त्यांचा म्होरक्या प्रत्येक घरात शिरला की पडलेला कचरा उचलायला लागतो. बाहेर गोळीबार चालू आहे आणि हा जमिनीवरचा कागद उचलतोय. कोणी त्याला काही विचारत नाही. इराकमधल्या मोसुलची आयसिसविरुद्धची खरी लढाई ऑक्टोबर २०१६ ते जुलै २०१७ अशी नऊ महिने चालली, आणि जुन्या शहराचा ढिगारा झाला. हे कळल्यावर तो कचऱ्याचा सीन परत बघा.

‘लेबनॉन’ (२००९) याच्या बरोबर उलटं करतो. जवळजवळ सगळा पिक्चर रणगाड्याच्या आत, बाहेरचं जग दिसतं ते फक्त तोफेच्या दुर्बिणीतून, आणि त्या गोल भिंगात कोणीतरी बाई, कोणाचं तरी फुटलेलं घर, थेट आपल्याकडे बघतंय. दिग्दर्शक सॅम्युएल माओझ १९८२ च्या लेबनॉन युद्धात इस्रायली सैन्यात खरोखर रणगाड्यावर तोफ चालवत होता. बंद जागेची भीती असेल तर मात्र हा जपून.

आणि ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ (१९६६). जुना, ब्लॅक अँड व्हाइट, फ्रेंच राजवटीविरुद्धच्या अल्जेरियाच्या लढ्यावरचा, पण या सगळ्यांचा बाप. अल्जिअर्सच्या खऱ्या कसबा वस्तीत शूट केलेला, एक फ्रेंच कर्नल सोडला तर बहुतेक सगळे साधे लोक, अॅक्टर नाहीत. बंडखोरांचा नेता झालेला सादी यासेफ तर खरोखरचा बंडखोर नेता होता, स्वतःवरचीच भूमिका केलीय त्याने. इतका खरा दिसतो की यात बातमीपटाचा एकही तुकडा नाही असं जाहीर करावं लागलं. तीन बायका केस कापून, कपडे बदलून, बॉम्ब घेऊन फ्रेंच चौकी ओलांडतात तो सीन बघा, आणि मग बॉम्ब ठेवण्याआधी कॅमेरा कॅफेतल्या चेहऱ्यांवर फिरतो, आइस्क्रीम खाणाऱ्या पोरापर्यंत, ते पण बघा. दिग्दर्शक पोंतेकोर्वो तुम्हाला कोणाच्याच बाजूला आरामात बसू देत नाही. इराक युद्ध सुरू झाल्यावर २००३ मध्ये पेंटागॉनने हा पिक्चर आपल्या लोकांना दाखवला होता. त्यांनी त्यातून काय घेतलं देव जाणे.

शेवटी डॉक्युमेंटरी, पण शेवटीच

चार-पाच पिक्चर झाले की मग खरं फुटेज बघा, त्याआधी नको, नाहीतर तुम्ही त्याच्याकडे पण पिक्चरसारखं बघाल. ‘ट्वेन्टी डेज इन मारिओपोल’ (२०२३), युक्रेनमधल्या या शहराला रशियाने २०२२ मध्ये घातलेल्या वेढ्यातले पहिले दिवस, पत्रकार मिस्तिस्लाव चेर्नोव हॉस्पिटलच्या खिडकीतून रस्त्यावर आलेला रणगाडा शूट करतोय आणि त्याचा श्वास माइकमध्ये ऐकू येतोय. इथे नकाशा नाही, म्युझिकची वाट बघणं नाही.

दुसरी ‘फॉर समा’ (२०१९). सीरियातलं युद्धात सापडलेलं अलेप्पो शहर, वाद अल-कातेब नावाची मुलगी कॅमेरा घेऊन, तिचा नवरा डॉक्टर, आणि तिथेच जन्मलेली त्यांची लेक समा, जिच्यासाठी ही डॉक्युमेंटरी बनवलीय. यात घर कोणाचं हा प्रश्न विचारावाच लागत नाही, घरवालीच्याच हातात कॅमेरा आहे. एक सीन सांगतो, जखमी गरोदर बाईचं ऑपरेशन करून बाळ काढतात, बाळ हलत नाही, डॉक्टर त्याला चोळतायत, उलटं धरतायत, थोपटतायत, आणि कॅमेरा बंद होत नाही. किती वेळ जातो मला सांगता येणार नाही, मी घड्याळ बघितलं नाही. पुढे काय होतं ते सांगत नाही.

ही लावाल त्या दिवशी दुसरं काही लावू नका. आणि एकट्याने बघू नका, कोणीतरी शेजारी बसलेलं असू द्या.